फ्रॉकच्या फोटोसाठी थांबवलेली गोळी

हे मी फादरांपुढेही कधी बोलले नाही. कन्फेशनला जायचे, ‘खोटं बोलले’ एवढं सांगायचे — कोणतं खोटं, ते गिळून टाकायचे. आज तुम्हाला सांगते.

लीना, माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. आधी तिला थायरॉइड निघाला, मग धाप लागू लागली. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, शरीरच शरीराशी वैर धरतंय — आधी गळ्यातल्या ग्रंथीशी, आता फुप्फुसांशी. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. ‘मला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत,’ असं त्यांनी बजावलं होतं. म्हणजे, मला ठाऊक नव्हतं असं नाही.

धाप कमी झाली. पोर पुन्हा वाडीतल्या बावखलाच्या, तळ्याच्या काठी पळू लागली. पण त्या गोळ्यांनी चेहरा — कसं सांगू? — फुगून गोल झाला, गालांवर लव आली. त्यातच तिचा पहिला कम्युनियन, चर्चमधला प्रसाद पहिल्यांदा घ्यायचा सोहळा, आला. सफेद फ्रॉकचं माप घेताना नणंद म्हणाली, “पोरीचं तोंड बघ गं. फोटोत ओळखू तरी येईल का?” लीना तिथेच उभी होती. तिला काय वाटलं, मी पाहिलंच नाही. मला लाज वाटली. माझ्या आजारी मुलीची — लाज.

त्या आठवड्यापासून थायरॉइडची गोळी देत राहिले, स्टेरॉइडच्या जागी साधी ताकदीची गोळी ठेवली. तिने विचारलंही नाही. माझ्या तळहातावर असेल ते ती गिळायची.

चेहऱ्यावरची सूज खरंच उतरली. वसईच्या फोटोग्राफरने अख्खा रोल संपवला. आणि चर्चमधून घरी येईस्तोवर तिचे ओठ निळे पडले.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, “गोळ्या नियमित चालू होत्या ना?”

नवरा शेजारीच होता. मी म्हणाले, “हो. एकही चुकली नाही.”

तेव्हा तरी सांगायचं, नाही का? त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. गोळ्या लागू पडत नाहीत असं समजून जास्त जहाल औषध शिरेतून सुरू केलं. उलट्यांनी पोर पिळवटून निघाली. केस गेले. उशीवरचे केस मी वेचत राहिले — तोंड उघडलं नाही.

ती वाचली. फुप्फुसांचा काही भाग मात्र कायमचा कडक झाला. त्यात आजाराचं किती, माझं किती? डॉक्टरांना विचारता आलं असतं. मला उत्तर नको होतं.

लीना आता नोकरी करते. जिन्यात मध्येच थांबते, कठडा धरून हसते.

“माझा आजारच हट्टी होता, ना मम्मी?”

मी “हो” म्हणते.