खंडेनवमीला कधीच न मांडलेलं हत्यार

इथले अनुभव मी दोन वर्षं नुसते वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बरेचसे वाचून मनात हसलेही आहे. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता... आताही आहे असं म्हणवत नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठी कुठे अडखळलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा पेट्या दुरुस्त करायचे – म्हणजे हार्मोनियम. नारायण पेठेत एका प्रिंटिंग प्रेसच्या मागे त्यांची भाड्याची खोली होती. आम्ही राहतो वाघोलीला, मी खराडीत नोकरी करते. गेल्या वर्षी जानेवारीत बाबांना स्ट्रोक आला. बोलणं गेलं आणि उजवा हात गेला. समजतं सगळं. हो म्हणायचं असलं की मान हलवतात, नाही म्हणायचं असलं की डोळे मिटतात. फिजिओथेरपिस्ट वैद्य मॅडम म्हणाल्या होत्या की सहा महिन्यांत हात बराच सुटेल. त्या आशेवर आम्ही खोली सोडली नव्हती.

मार्चमध्ये मी खोली झाडायला गेले. हत्यारांच्या खणात एक वस्तू मिळाली, जी मी कधीच पाहिली नव्हती. हे मी ठामपणे सांगू शकते, कारण दरवर्षी खंडेनवमीला सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं काम लहानपणापासून माझं. मी लावत जायचे आणि बाबा एकेकाचं नाव सांगायचे. चौतीस हत्यारं. हे पस्तिसावं होतं.

वीतभर लांब. पुढे पितळेची बोथट पट्टी, मागे शिसवी मूठ. मुठीच्या टोकाला दोन आडव्या खाचा – बाबा स्वतः बसवलेल्या प्रत्येक मुठीवर करायचे, त्याच. पण मूठ विचित्र झिजली होती. अंगठ्याची खळगी बोटांच्या खळग्यांखाली गेलेली, आणि बोटांच्या खळग्या एकमेकींवर चढलेल्या. शिसव इतकं झिजायला रोजचा हात वीस वर्षं तरी लागत असेल. माझ्या हातात ती कशीही धरली तरी बसेना.

शेजारच्या गल्लीत साठेकाका आहेत, तेही पेट्याच दुरुस्त करतात. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "चाळीस वर्षं पेट्या उघडतोय. हे पेटीचं नाही. आणि आपण आधी गूगलला विचारलंच असेल, मग आमच्याकडे कशाला?" जुनी हत्यारं ओळखणाऱ्या एका ऑनलाइन ग्रुपवर फोटो टाकले. कुणी चांभाराचं म्हणालं, कुणी बाइंडिंगवाल्याचं. प्रत्येकाला दुसऱ्या कुणीतरी खोडलं.

शेवटी बाबांना दाखवलं. खूण तुमचीच ना, विचारलं. मान हलवली. मग हे तुम्ही कधी वापरलंय? त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या सैल हातात ठेवून पाहिली, तिथेही ती बसली नाही.

वैद्य मॅडमना ती एकदा टेबलावर दिसली. त्या मूळच्या वर्ध्याच्या. त्यांनी खळग्यांवरून एकेक करून बोट फिरवलं.

"कोणा पेशंटची आहे का ही? अंगठा आत वळून आखडलेला हात आहे हा."

म्हणजे?

"स्ट्रोकनंतर काहींचा होतो असा. बाबांचा नाही होणार. आपण मेहनत घेतोय ना."

घेतली. ऑफिसआधी मी, दुपारी आई, एक दिवसाआड मॅडम. तरी जूनमध्ये अंगठा आत ओढायला लागला. बोटं सरळ ठेवणारं स्प्लिंट झालं, इंजेक्शनं झाली. सप्टेंबरपर्यंत बोटं एकमेकांवर चढली. मॅडमनी सुटेल हा शब्द वापरणं कधी बंद केलं ते मला सांगता येणार नाही, पण त्या टेबलाकडे बघायचं टाळायच्या, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मग नखं तळव्यात रुतून जखम झाली. हातात काहीतरी धरून ठेवायला द्या, असं डॉक्टर म्हणाले. कापडाची गुंडाळी निसटून जायची. एका रविवारी सकाळी, आई पोहे करत होती, मी ती मूठ बाबांच्या हातात सरकवली.

ती बसली. अंगठा त्याच्या खळगीत, चारही बोटं आपापल्या जागी. मधून कागद सरकला नसता. बाबांनी बराच वेळ हाताकडे पाहिलं. मग मान हलवली – हो. मी काही विचारलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात आम्ही खोली सोडली. बाकीची हत्यारं साठेकाका घेऊन गेले.

त्या ग्रुपवर अजूनही कुणीतरी विचारतं, कळलं का कशाचं आहे ते? मी उत्तर दिलेलं नाही. कशासाठी आहे ते कळलंय. जखम भरली आहे. पण ते लाकूड झिजायला लागलेली वीस वर्षं कधी झाली, हे मला कुणीच सांगू शकलेलं नाही. झाली असतील तर कुणाच्या हातात? आणि व्हायची असतील... तर बाबांना ती सगळी अशीच काढायची आहेत.