पेजेच्या तळाशी

माझ्या थोरल्या भावाला आवाज ऐकू येतात हे कळलं, तेव्हा मला भीतीच्या आधी कुतूहल वाटलं. सांगायला लाज वाटते, पण तसंच झालं. आई रडत होती, चुलते बाधा झाली म्हणत भगताकडे निघाले होते आणि मी ओसरीवर त्याच्यापाशी बसून विचारत होते, "दादा, कुठून येतात रे? बाईचे की बाप्याचे?"

"दोन बापे नि येक बाय," तो म्हणाला. "कौलांवरून येतात."

बोलायचे काय, तर तो जे करील तेच. आता उठला. आता तांब्या उचलला. आता बहिणीकडं बघतोय. असं दिवसभर माझ्यामागे कोणी बोलत राहिलं असतं तर मी संध्याकाळपर्यंत डोकं आपटून घेतलं असतं. तो त्या गलक्यात शेतावर जाऊन राब भाजून यायचा. पेरणीआधी पालापाचोळा, शेण टाकून वाफा जाळतात, ते काम त्याच्याइतकं नीट आमच्या गावात कोणाला जमत नाही.

माझं माहेर शेणव्याजवळ, सासर मुरबाडच्या बाजूला, पण त्या दिवसांत मी माहेरीच राहिले होते. मीच हट्टाने त्याला शहापूरला डॉक्टरांकडे नेलं. स्किझोफ्रेनिया हा शब्द परतीच्या एसटीत पुटपुटून पाठ केला. डॉक्टर म्हणाले होते, "त्याला खरोखर ऐकू येतं. नाही म्हणून भांडू नका आणि हो म्हणून साथही देऊ नका." मला हे फार आवडलं. दर खेपेला मी प्रश्नांची पिशवी भरून जायची. आवाज झोपेत येतात का? भात झोडताना कमी होतात का? होतात, म्हणाले.

तीन आठवड्यांनी दादाने डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद केल्या. का, ते सांगेना. मग मी हुशारी केली. गोळी खलबत्त्यात कुटायची आणि त्याच्या सकाळच्या पेजेत घालायची. आईला पटवलं मीच.

आमच्या घरी पेजेचं टोप चुलीशी असतं आणि ज्याने त्याने पळीने आपली वाटी भरून घ्यायची अशी रीत आहे. आता आई त्याची वाटी भरून हातात द्यायला लागली. शिवाय खलबत्ता. तो आमच्याकडे कधी कोण धुतं? लसूण कुटला की फडक्याने पुसायचा. तो रोज धुतलेला, पालथा दिसू लागला. आम्हाला वाटलं, आजारी माणसाला हे कुठलं दिसतंय!

आठव्या दिवशी तो म्हणाला, "पेजेत पूड हाय."

"नाय रे, मीठ हाय, इरगळलं नसंल," आई म्हणाली.

मी त्याहून वाईट केलं. डॉक्टरांकडून शिकलेल्या मऊ आवाजात म्हणाले, "दादा, तुला तसं वाटतंय, ते मला कळतं."

त्या दिवसापासून त्याने घरचं खाणं सोडलं. साल-टरफल असलेलंच खायचा. केळी, भुईमुगाच्या शेंगा, उकडलेलं अंडं, तेही स्वतः सोलून. महिन्याभरात त्याच्या गळ्याची हाडं वर आली. चार पावलं चालला की बांधावर बसायचा. तो असाच आमच्या डोळ्यांदेखत संपणार, असं मला वाटू लागलं.

डॉक्टरांकडे मी एकटीच गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे त्याचा हा संशय खरा होता," ते म्हणाले. "आता तुम्हीच त्याला सांगा."

मी एवढी चौकस, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्याच्या शंभर संशयांतला एक खरा होता आणि नेमका त्यालाच आम्ही आजार म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर त्याच्यापुढे खलबत्ता आणि गोळ्यांचं पाकीट ठेवलं. आम्ही गोळी कुटून पेजेत घालत होतो, ते सांगितलं. त्याने खलबत्ता उचलून आत बघितलं.

"त्ये तिघं म्हनत व्हते, पूड हाय," तो म्हणाला. "तुमी म्हनत व्हता, नाय. मंग मी कुनाचं आयकायचं गो?"

मला रडू आवरेना. रडता रडताच विचारलं, "गोळी का सोडलीस?"

"हात लाकडावानी व्हतात. इळा धरवत नाय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू आवाजांचं इचारत व्हतीस. गोळीचं कदी इचारलंस?"

तो उठला, चुलीपाशी गेला. पळीने एक वाटी भरून माझ्यापुढे सरकवली. "आदी तू पी." मी प्यायले आणि वाटी कलती करून तळ दाखवला. मग त्याने आपली भरून घेतली.

डॉक्टरांनी गोळी बदलली. आता ती तो स्वतःच्या हाताने घेतो. मी माहेरी गेले की अजून पहिली वाटी माझी असते आणि तळ दाखवल्याशिवाय तो पळीला हात लावत नाही. मला राग येत नाही, वाईट मात्र दर वेळी वाटतं. बापे गेलेत, बाई अधूनमधून येते. परवा पेज पिताना त्याने मान वर करून कौलांकडे पाहिलं. माझी खोड जाते थोडीच! विचारलं, काय म्हणते?

"म्हनते," तो म्हणाला, "बहिनीची वाटी रिकामी हाय."