मामेसासऱ्यांचं रक्त

विषाणूला घाबरणारी माणसं या जगात कोट्यवधी असतील. पण विषाणू ज्याला घाबरतो असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. हे मी म्हणत नाही, मामा स्वतःच म्हणतात. मामा म्हणाले की ते शास्त्र असतं, कारण सगळी नोकरी त्यांनी धुळ्याच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली आहे. प्राध्यापक म्हणून नव्हे. बेडूक पकडून आणणं, बाटल्या विसळणं आणि प्राध्यापकांच्या चुका पोटात घालणं हे त्यांचं काम. "विभागप्रमुख आले आणि गेले, सूक्ष्मदर्शक माझ्याच हातात राहिला," असं ते अजून सांगतात. निवृत्तीनंतर जळगावला असोदा रस्त्यावर त्यांनी छोटं घर बांधलं. एरवी त्यांची भाषा अगदी कॉलेजातली, पण अंगात आलं की थेट गावची अहिराणी सुटते, आणि ती सुटली की समोरच्याने गप्प बसावं हे बरं.

या सगळ्या प्रकरणाची सुरुवात करोनाच्या दुसऱ्या लाटेत झाली. आधी मामींना ताप आला. डॉक्टर फोनवर म्हणाले, घरीच राहा, पण वेगळ्या खोलीत. मामींनी खोलीत जाऊन आतून कडी लावली आणि बजावलं, "तुम्ही आत आलात तर मी एक गोळी घेणार नाही." मामांनी दाराबाहेर स्टूल मांडलं आणि बंद दाराला उद्देशून जन्मजात प्रतिकारशक्तीवर व्याख्यान सुरू केलं. "अगं, लसीची प्रतिकारशक्ती म्हणजे पोलीस. फोटो मिळाल्याशिवाय चोर ओळखत नाहीत. जन्मजात म्हणजे गल्लीतलं कुत्रं! नाव-गाव विचारत नाही, आधी भुंकतं. माझ्या अंगातली कुत्री फार तेज आहेत. माले काहीच व्हस नही!" हे दोन तास चाललं. शेवटी मामींनी कडी काढली. का काढली विचारलं तर म्हणतात, "तापापेक्षा व्याख्यानानं डोकं जास्त दुखायला लागलं होतं." पुढे दोन आठवडे मामांनी त्यांना पेज भरवली, पालथं झोपवलं, तासातासाला बोटाला ऑक्सिजनचं ते यंत्र लावून आकडा वहीत टिपला. मामी खडखडीत बऱ्या झाल्या. आणि एकाच खोलीत राहून मामा साधे शिंकलेसुद्धा नाहीत, ही बातमी गल्लीभर झाली, म्हणजे मामांनी केली.

तेव्हापासून ते या विषयाच्या हात धुऊन मागे लागले. भाचीकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, इंटरनेटवरचे इंग्रजी शोधनिबंध काढून घ्यायचे, झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायचे आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचे. आमच्याकडे केळीचा आजचा भाव सकाळच्या चहाआधी कळावा लागतो. मामांनी तोच प्रकार संशोधनाला लावला. फाटकाला एक काळा फळा टांगला आणि रोज सकाळी खडूने लिहू लागले : 'इंटरफेरॉन – तेजी. नैसर्गिक मारक पेशी – स्थिर. भक्षक पेशी – मागणी कमी.' विषाणूशी लढणाऱ्या या अंगातल्या फौजेपैकी जगातले शास्त्रज्ञ सध्या कशाच्या मागे आहेत हे असोदा रस्त्यावरच्या माणसाला कळायला नको का, हा त्यांचा सवाल. एकदा एका शेतकऱ्याने मोटारसायकल थांबवून फळा नीट वाचला आणि विचारलं, "आबा, हे इंटरफेरॉन कोणतं वाण म्हणायचं?"

"घरच्या घरी तयार होतं," मामा म्हणाले.

"पाणी किती घेतं?"

"पाणी नाही, झोप लागते. रात्री आठ तास."

"बेणं मिळेल का?"

"जन्मतःच मिळालंय तुम्हाला!" मामा कडाडले. तो बिचारा घरी जाऊन बायकोला काय म्हणाला असेल देव जाणे.

मग कुठल्याशा निबंधात त्यांनी वाचलं की लहानपणी टोचलेली बीसीजीची लस या जन्मजात शक्तीला तालीम देते की काय, यावर शास्त्रज्ञ डोकं खाजवताहेत. झालं! मामा दिसेल त्याचा दंड तपासू लागले. धुळ्याला एका लग्नात अंतरपाट धरायची वेळ झाली, भटजी घड्याळ बघताहेत, आणि आमचे मामा नवरदेवाच्या शेरवानीची बाही वर सारताहेत. शेरवानी घट्ट, बाही कोपराच्या वर जाईना. मुलीकडच्यांना वाटलं, काही रीत असेल, म्हणून दोघे जण मदतीला आले. शेवटी दंडावर लसीचा वण सापडला. मामांनी मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "मुलगा चांगला आहे!" तिथे मी त्यांचा कुणीही लागत नाही असा चेहरा करून आइस्क्रीमच्या रांगेत उभा राहिलो.

सगळ्यात कहर केला तो वटवाघळांनी. असोद्याला मामांच्या एका दोस्ताच्या केळीच्या बागेत विहिरीवर जुनं चिंचेचं झाड आहे, त्यावर वटवाघळं असतात. मामा भर दुपारी तिथे खुर्ची टाकून बसायचे. मलाही एकदा नेलं. मान वर करून करून माझी मान आखडली. "बघा जवाई, असले विषाणू अंगात घेऊन कसं निवांत लटकलंय! का? तर त्याची प्रतिकारशक्ती लढते, पण चिडत नाही. माणसाची चिडते आणि स्वतःचंच घर जाळते." त्या दिवसापासून मामांनी राग सोडला. तीन दिवस ते दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याशीसुद्धा साखर पेरून बोलले. गवळी घाबरला, त्याने चक्क निर्भेळ दूध घातलं. चौथ्या दिवशी शेजाऱ्याने गाडी धुताना फळ्यावर पाइप मारला आणि इंटरफेरॉन वाहून गेलं. मामांनी पाव तास त्याला अहिराणीत सोलून काढलं. मग खुर्चीत बसून स्वतःची नाडी मोजली आणि मला म्हणाले, "चिडलो नाही. भुंकलो."

इथवर सगळं ठीक होतं. माझा नको तिथला उत्साह नडला. लाट ओसरून वर्षही झालं नव्हतं. एका संशोधन संस्थेचं निवेदन माझ्या वाचनात आलं : घरात रुग्ण असूनही ज्यांना कधीच लागण झाली नाही अशी माणसं अभ्यासासाठी हवी आहेत, भुसावळला शिबिर आहे, रक्त द्यायचं. मी तडक मामांच्या नावाने अर्ज भरला. नंबर माझा दिला, कारण मामांचा फोन फक्त ओरडण्यासाठी असतो. वाटलं, मामा मला मिठी मारतील. जन्मभर दुसऱ्यांच्या शोधांच्या बाटल्या विसळणारा माणूस, आता त्याचंच रक्त शोधाला लागणार! तर मामांचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, आनंदानेच उतरला असेल.

मामी मात्र हरखल्या. गल्लीला कळलं, आणि आता मामांच्या रक्तात काय निघतं याकडे साऱ्या गल्लीचे डोळे लागले. आणि मामा? ते टाळू लागले. शिबिराची पहिली तारीख शनिवारची निघाली, तर म्हणाले, शनिवारी लोखंड टोचून घेत नाही. हे कोण बोलतंय? तर बेडकाच्या हृदयाचे ठोके मोजणारा माणूस! दुसऱ्या तारखेला ते मुक्ताईनगरला दर्शनाला निघून गेले. तिसऱ्या वेळी म्हणाले, "संशोधनाची दिशा बदलली हो. रक्तात आता काही राहिलं नाही, सगळं नाकात आहे." शेवटी मामींनीच त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून हातात दिला. "जा हो. तुमच्या रक्ताचा जगाला उपयोग होईल." मामांनी शर्ट चढवला.

भुसावळला भर दुपारी त्यांनी शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढून धरली. "थंडी आहे," म्हणाले. भुसावळच्या उन्हात थंडी! तरी रक्त घेणाऱ्या मुलीला दंडाची पट्टी कशी बांधावी हे त्यांनी दोनदा शिकवलंच. परत येताना मागच्या सीटवरून हळूच विचारलं, "जवाई, त्या तपासणीत जुनं सगळं दिसतं का हो?" मी अभिमानाने म्हटलं, "सगळं!" जळगावपर्यंत इतका शांत प्रवास मी त्यांच्याबरोबर कधी केलेला नाही, आणि माझ्या मठ्ठ डोक्यात तेव्हाही प्रकाश पडला नाही.

काही आठवड्यांनी निकाल माझ्या मोबाइलवर आला. लसीमुळे तयार होतात ती प्रतिपिंडं मामांच्या रक्तात होतीच, पण प्रत्यक्ष आजार होऊन गेल्यावरच जी सापडतात तीही होती. सबब आपण या अभ्यासासाठी पात्र नाही, सहकार्याबद्दल आभार. आता या माणसाला कुठल्या तोंडाने सांगू? मी त्यांच्या घरी गेलो. मामा भाजी आणायला गेले होते. मामी मेथी निवडत बसल्या होत्या. मी चाचरत त्यांनाच सांगितलं.

मामींनी एक काडी बाजूला टाकली. "तुम्हाला आज कळलं. मला पाचव्याच दिवशी कळलं होतं."

"पाचव्या दिवशी? ते कसं?" मी विचारलं.

"मी म्हटलं होतं, तोंडाला चव नाही, जरा भरीत करा. यांनी गॅसवर वांग्यांचा कोळसा केला. घरभर धूर, आत मी खोकून खोकून बेजार, आणि हे त्या धुरात उभे राहून म्हणताहेत, काय वास सुटलाय! अहो, वासावरून वांगं कुठल्या गावचं हे सांगणारा माणूस! मला पाणी पाजायला वाकले तर अंग तव्यासारखं तापलेलं. म्हणे, गॅसजवळ होतो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

मामींनी मेथीची जुडी खाली ठेवली. "बोलले असते तर डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात हलवलं असतं. मला एकटीला भीती वाटत होती हो. मरायची नाही. एकटीनं मरायची." मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मला माहीत होतं हे त्यांना कळू देऊ नका. त्या एका थापेसाठी बिचारे एवढं शास्त्र शिकले."

तेवढ्यात मामा आले. मला पाहून पिशवी हातातच राहिली. "आला का निकाल?" आवाज अगदी परीक्षेच्या दिवशीच्या पोरासारखा. मामी माझ्याकडे बघत होत्या. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलांना बाकावर उभं करणारा मी मास्तर, एका दमात म्हणालो, "मामा, घोटाळा झाला. तुमच्या रक्ताची बाटली वाटेत फुटली. आणि अभ्यास संपला म्हणे, परत घेणार नाहीत."

मामांनी केवढा मोठा श्वास सोडला! आणि पुढच्याच क्षणी ते त्या संस्थेवर तुटून पडले. आमच्या वेळी बेडकाचं रक्तसुद्धा कापसात गुंडाळून नेत असू, आणि यांना माणसाचं सांभाळता येत नाही! मामी "अरेरे, जगाचं नुकसान झालं," म्हणाल्या आणि तोंड फिरवून चहा टाकायला गेल्या.

निघताना मामा फाटकापर्यंत आले आणि माझं मनगट घट्ट धरलं. "जवाई, बाटली फुटनी नही ना?" मी गाडीची किल्ली चाचपू लागलो. त्यांचे डोळे भरून आले होते. "तिला सांगू नका. माझ्यापायी यांना झालं म्हणून जन्मभर मनाला लावून घेईल. तीन दिवस भिंतीला धरून चालत होतो हो. पण सांगितलं असतं तर तिनं परत कडी लावली असती."

मी मान डोलावली. मामींना सगळं ठाऊक आहे हे त्यांना सांगावंसं फार वाटलं, पण मामींना शब्द दिला होता, आणि आता त्यांनाही दिला. आत मामींनी चहा झाल्याची हाक मारली, तसे मामा डोळे पुसून "आलो, आलो" करत लगबगीने गेले. मी गाडीपाशी तसाच उभा राहिलो. माझ्यासाठी एवढं खोटं अजून कुणी बोललेलं नाही आणि ती बाटलीची थाप सोडली तर मीही कुणासाठी बोललेलो नाही, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.