बिनकुंकवाची जाळी

मी तेव्हा कारखाना निरीक्षकाच्या हाताखाली नवा लागलो होतो. खिशात कायद्याची पुस्तिका आणि सुधारकांची पत्रकं वाचून तापलेलं डोकं, एवढंच भांडवल. यवतमाळहून छोट्या गाडीनं दारव्ह्याला जायचो. गाडी इतकी सावकाश, की कापसाच्या जिनिंग कारखान्यात माझ्याआधी माझी वर्दी पोचायची आणि फिरत्या पट्ट्यांवरच्या लोखंडी जाळ्या जागेवर बसायच्या. मी परतलो की त्या पुन्हा भिंतीला टेकवलेल्या. जाळीत रुई अडकते, ती काढायला यंत्र थांबवावं लागतं, आणि ते मालकाला खपत नाही.

हे मला सांगितलं यंत्रात कापूस घालणाऱ्या एका बाईनं. पट्टा तिच्या खांद्याला लागूनच फिरायचा. हंगामाच्या तोंडावर, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "साहेब, उद्या मशिनीची पूजा हाय. तुमच्या हातानं जाळीले कुंकू लावा. पूजलेल्या जाळीले कोनी पाना लावत नाही. मालकबी भेते."

म्हातारा फिटर हसला. "मंग साहेबाले नारळबी फोडाले लावतं का?"

"फोडतीन ना! साहेबाचे कागद त कोनी वाचत नाही."

मला राग आला. जाळी कायद्यानं बसेल, देवाच्या धाकानं नाही, असं म्हणून मी सगळ्यांसमोर तिला अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं. तिनं ते ऐकून घेतलं. "कायदा मुंबईले राहते, साहेब. पट्ट्यापाशी मी बसतो."

मी नोटीस बजावली. उत्तर आलं : कार्यवाही चालू आहे.

ऐन हंगामात तिचा पदर पट्ट्यात गेला. पदरामागून हात गेला. उजवा, कोपरापासून. मी पोचलो तेव्हा जाळी जागेवर होती, बोल्ट घट्ट. बाईनंच ती काढली होती, आम्ही नंतर पुन्हा बसवली, असा मालकाचा जबाब तयार होता.

दवाखान्यात ती एवढंच म्हणाली, "जाळी बसवेलच नव्हती, साहेब. तेवढं लिहा."

मी लिहिलं. साक्षीला कोणी येईना. फिटरच्या घरी गेलो, हात जोडले. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "मले लेकरं हायेत, साहेब." मालकाचा जबाब खरा ठरला.

पुढच्या नवमीला मी कुंकवाची पुडी घेऊन गेलो. प्रत्येक जाळीला बोटं लावली. तिच्या जागी दुसरी बाई बसली होती.

त्या हंगामात एकही जाळी निघाली नाही. तिचं घर स्टेशनच्या वाटेवरच होतं. ते सांगायला मी कधी तिच्या दारात गेलो नाही.