तीन यंत्रं आणि आईचं वाचन

त्या दुष्काळी वर्षांत शहरातल्या गारखेड्यात आमच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, तेही आलं तर आलं. गल्लीतले रिकामे प्लॉट बघता बघता चार-चार मजली झाले होते. माणसं लई वाढली, पाणी होतं तेवढंच. टँकरचा हॉर्न वाजला की सगळी इमारत जिन्यानं खाली धावायची. आणि अशा दिवसांत मी वाचायचं यंत्र कोणतं घ्यावं या विचारानं हैराण झाले होते. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. पण मला आईच्या डोळ्यांची धास्ती बसली होती.

आई इमारतीतल्या बायकांना पोथी वाचून दाखवायची. पारायण सुरू झालं की रोज दुपारी तीनला आमच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली जाई. आठ-दहा जणी जमायच्या आणि आई खणखणीत आवाजात दिवसाचा अध्याय वाचायची. बाबा गेल्यापासून तिचा तोच एक मान होता. हल्ली मात्र ती पोथी पार नाकाशी नेई. दोनदा दाराच्या चौकटीवर खांदा आपटून घेतला होता.

"छपाईच भिकार आहे मेली," ती म्हणायची. "आणि तुझं हे घर अरुंद."

डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं की पोळ्या लाटायला उठायची. मी चिडायचे, ओरडायचे. एकदा तर ताट आपटलं. शेवटी ठरवलं, बाई दवाखान्यात येत नाही ना, मग अक्षर तरी मोठं करून देऊ.

स्पर्धेत तिघं होते. माझा फोन, ऑफिसातल्या मैत्रिणीकडून मागून आणलेला टॅब, आणि खास पुस्तकं वाचायचं करड्या पडद्याचं ते यंत्र, ई-रीडर. हे ऑनलाइन मागवलेलं, पटलं नाही तर दहा दिवसांत परत करायचं. फोन पहिल्याच दिवशी बाद झाला. चार ओळी वाचाव्यात तर टँकरवाल्याचा फोन, मग इमारतीच्या ग्रुपवर कुणाची तरी पाण्याची मोटार जळाल्याची बातमी. टॅबचा पडदा ऐसपैस, पण हातात वरवंट्याएवढा जड, आणि गॅलरीच्या उन्हात त्यात अक्षरांऐवजी माझंच घामेजलेलं तोंड दिसायचं. वाचनयंत्राला मात्र मी भाळले. भर उन्हात कागदासारखं स्वच्छ दिसायचं. दिवसभर लाईट नसली तरी चालायचं. डोळे चुरचुरत नव्हते. खोट एकच: पोथीच्या स्कॅन केलेल्या पानांवरची अक्षरं त्यात मुंगीएवढी दिसत. म्हणून मी दोन अध्याय स्वतः टाइप केले, अक्षर जेवढं होईल तेवढं मोठं केलं आणि स्वतःवरच खूश झाले.

पारायणाच्या पाचव्या दिवशी बायकांसमोरच परीक्षा घेतली. तुलनेसाठी थोडा अध्याय बाद ठरलेल्या फोनवरही, थोडा टॅबवर, उरलेला यंत्रावर. आईनं तिन्हीवर सारखंच वाचलं. कुठं अडखळली नाही की थांबली नाही. समोरच्या काकू म्हणाल्या, "बघ, पोरीनं किती छान सोय केली!" मला तर हुरूपच आला. बायका गेल्यावर यंत्र बंद करायला उचललं आणि नजर वरच्या ओळीवर गेली.

पडद्यावर चौथा अध्याय होता. मी चुकून आदल्या दिवसाचा उघडला होता. आईनं वाचला होता तो पाचवा.

मी तशीच उभी राहिले. मग फोन पाहिला. मघाशी वाचता वाचता पडदा विझला असणार आणि तिला त्याचा पत्ताही नसणार, हे आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. किती मूर्ख मी! सबंध पोथी जिला तोंडपाठ, तिची नजर मी त्याच पोथीवर तपासत बसले होते. म्हणजे आई वाचत नव्हती. कधीपासून? गॅस रोज तीच पेटवत होती. भाजी आणायला एकटीच रस्ता ओलांडून जात होती.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला.

"आई!" मी हाक मारली. हॉल रिकामा होता. टँकर आला की जमिनीतल्या टाकीचं झाकण काढायचं काम आमच्याकडं होतं, आणि ती कायम माझ्या आधी पोचायची. मी जिना कसा उतरले ते मला आजही आठवत नाही. खाली झाकण बाजूला सरकवलेलं. टाकी पुरुषभर खोल, आत काळोख. टँकरवाला केबिनमधून ओरडत होता, "ओ अम्मा, बाजू हटो, पाईप डालने का है!" आणि आई टाकीच्या काठावर उभी होती. डाव्या पायाचा अंगठा पुढं करून ती सिमेंटची कड चाचपत होती. हळूच, सवयीनं. कड लागली की अर्धं पाऊल पुढं.

मागून जाऊन तिचा दंड धरला तेव्हा ती दचकली.

"ओरडू नकोस," ती हळूच म्हणाली. "बायका बघतायत."

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. या वेळी ती मुकाट्यानं आली. रिक्षात तिनं माझा हात सोडला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. उजवा डोळा जवळजवळ संपलेला, डाव्यात नळीतून पाहावं एवढंच शिल्लक. ते टिकवायचं तर रोज थेंब, आयुष्यभर. आणि टिकेलच असंही त्यांनी छातीठोक सांगितलं नाही.

मी निर्लज्जासारखं वाचनयंत्राबद्दल विचारलं. अक्षर किती मोठं करू म्हणून.

"मोठं करूच नका," डॉक्टर म्हणाले. "नळीतून बघणाऱ्याला मोठ्या अक्षराचा तुकडाच दिसणार. मध्यम ठेवा. काळ्या पडद्यावर पांढरं, झगझगीत."

म्हणजे माझा सगळा निकाल उलटा. तो सुरेख कागदी करडेपणा माझ्या डोळ्यांना बरा होता, आईला त्यात काहीच दिसत नव्हतं. मी इतके दिवस कुणासाठी पारख करत होते?

घरी आल्यावर टॅब काढला. पडदा काळा केला, अक्षर मध्यम. आता पोथी नको, तिला पाठ नसलेलं काहीतरी हवं होतं. मी एक ओळ टाइप केली आणि तिच्यासमोर धरली. हेही दिसलं नाही तर?

तिनं मान तिरकी केली. जरा पुढं सरकली. मग तिचं बोट पडद्यावर टेकलं.

"तू... म... मला..." बोट मागं आलं, पुन्हा पुढं सरकलं. "का... सां... सांगितलं..."

तो खणखणीत आवाज कुठंच नव्हता. पहिलीतल्या मुलीसारखी एकेक अक्षर धरून ती चालली होती. शेवटचा शब्द तीनदा निसटला. "नाहीस," ती अखेर म्हणाली आणि बोट तिथंच ठेवलं.

तू मला का सांगितलं नाहीस.

"दिसतंय गं," ती म्हणाली. मला रडू फुटलं. मी तिचा हात धरला.

"सांगणार होते," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. रोज ठरवायचे. पण तू घरी आलीस की कपाळाला आठ्या, जरा काही झालं की आवाज चढवायचीस. आंधळं होण्याची भीती होतीच. पण तुला सांगायची त्याहून जास्त वाटायची."