शरयूताई आणि बर्फावरच्या निळ्या सावल्या

२००४ साली अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये शिक्षण संपवून मी जवळच्याच एका छोट्या संग्रहालयात वर्षाच्या करारावर रुजू झाले. चित्रविभागाच्या प्रमुख शरयूताई होत्या. मी नागपूरची म्हटल्यावर त्यांनी डब्यातलं अर्धं थालीपीठ माझ्यापुढे सरकवलं. तीच आमची ओळख.

अमेरिकी इम्प्रेशनिस्ट चित्रांवर त्यांचा अधिकार मोठा आहे. पण लोकांना आठवते ती त्यांची शिस्त. चित्राविषयी तोंड उघडण्याआधी त्या प्रत्येकाला दहा मिनिटं त्याच्यासमोर नुसतं उभं करतात. जवळच्या नोव्हाय गावाहून सहलीला आलेल्या इंजिनिअर काकांचीही त्यातून सुटका नसे.

मी तेव्हा दीडशहाणी होते. मिशिगनच्या चित्रकारांचं प्रदर्शन माझ्याकडे सोपवलं होतं, आणि माझा करार अन् व्हिसा दोन्ही त्यावर अवलंबून होते. एका शेतकरी कुटुंबातल्या आजींनी दिलेल्या बिननावाच्या चित्रात बर्फावर निळ्या सावल्या होत्या. निळं म्हणजे तिन्हीसांज, असं ठरवून मी कॅटलॉगमध्ये पानभर लिहिलं. ते छापूनही आलं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी शरयूताईंनी मला हाताला धरून पार्किंग लॉटमध्ये नेलं. लख्ख ऊन होतं आणि झाडांच्या सावल्या बर्फावर निळ्याशार पडल्या होत्या. दोन हिवाळे मी आजूबाजूला न बघता बस गाठण्यातच घालवले होते. चित्र देणाऱ्या आजींना कधी विचारलं होतंस का, असं ताईंनी विचारलं. नव्हतं विचारलं. लगेच फोन केला, तर ती त्यांच्या स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीतली सकाळ निघाली.

भिंतीवरची पाटी गुपचूप बदलू या, असं मी म्हटलं.

"पाटी चेंज करू गं. पण कॅटलॉग लोकांच्या हातात असणार. तुझी चूक तू सांग, मी शेजारी उभी राहते."

संध्याकाळी विश्वस्तांसमोर मी सगळं सांगितलं. मग शरयूताई पुढे झाल्या. तो मजकूर आपण वाचून, सही करून छपाईला दिला होता, आणि घाईत त्या चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहायचं आपल्याकडूनच राहून गेलं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यांची सही माझ्या भेदरलेल्या डोक्यात आलीच नव्हती. मी तेव्हा रडले, हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

माझा करार वाढला. आज शरयूताई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. चूक कबूल करताना शेजारी अशी माणसं असावी लागतात, आणि ती फार थोडी असतात.