न सांगितलेली दुरुस्ती

माझा धाकटा भाऊ वाद्ये दुरुस्त करीत असे, आणि कोणाला जुनी गिटार विकायची असली की तिची स्थिती तपासून दाखला लिहून देत असे. घेणारे त्या दाखल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवीत. मी त्याला थट्टेने म्हणे, की डॉक्टरकडे माणूस बरा व्हायला जातो, तुझ्याकडे मात्र गिटार खोटी ठरायला येते. तो हसे, पण बदललेला एक स्क्रूही दाखल्यातून वगळीत नसे. तो आता नाही, म्हणून हे लिहिणे माझ्याकडे आले आहे.

त्याचा जिवलग मित्र गिटार वाजवी. मित्राची ती विजेवरची गिटार साठ वर्षांची होती. त्या घडणीच्या गिटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या होत्या. कारखान्यातून निघाल्यापासून हिला कोणी उघडलेले नाही, असे मित्र छाती फुगवून सांगे. तो वारल्यावर वर्षभराने त्याची पत्नी ती घेऊन दुकानात आली. तिला लेकीच्या गावी स्वतःची एक खोली घ्यायची होती, आणि गिटारीला पूर्ण भाव आला तरच ते जमणार होते. सगळे भाग मूळचे आहेत, असा माझ्या भावाचा कागद गिऱ्हाइकाने मागितला होता. मी भावाचा डबा घेऊन गेले होते, तेथेच बसले होते.

भावाने गिटार जाड कापडावर निजवली. मानेवर पोलादी पट्टी ठेवून तिचा बाक पाहिला. रंगाला पडलेले बारीक तडे भिंगातून पाहिले. ते वयाचेच होते. मग त्याने पेचकस उचलला आणि तो तसाच हातात धरून राहिला. मित्राची पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, की उघडायला कशाला हवी, तुम्हाला सगळे ठाऊकच आहे. त्याने तरीही झाकण काढले. तारांचा नाद पकडणारी तांब्याची गुंडाळी आत होती. तिच्या टोकाचा कथलाचा डाख त्याने बोटाने चाचपला.

"वहिनी, ही उघडलेली आहे."

"कोणी उघडली?"

"मी."

मग त्याने सगळे सांगितले. अठरा वर्षांपूर्वी मोठ्या कार्यक्रमाच्या सकाळी गिटार मुकी झाली होती. गुंडाळीची तार आत तुटली होती. भावाने दिवसभर बसून नवी तार गुंडाळली आणि मित्राला सांगितले, की नुसती धूळ होती, पुसली. कार्यक्रमाच्या तोंडावर वादकाला दुरुस्ती सांगायची नाही, नाहीतर बोटे शंकेखोर होतात, असा या धंद्यातला शिरस्ता आहे. दुसऱ्या दिवशी सांगायचे, हाही शिरस्ताच. पण त्या रात्री मित्र इतका वाखाणला गेला, की भावाची जीभ रेटली नाही.

पुढे मित्राच्याच वादकमंडळीतला गायक म्हणाला, की गिटारीचा आवाज बदलला आहे, हिच्यावर कोणाचा तरी हात फिरला आहे. मित्राला वाटले, हा मला खोटा ठरवतो. शब्दाने शब्द वाढला. दोघांनी पुन्हा एकमेकांचे तोंड पाहिले नाही. मित्राच्या अंत्ययात्रेलाही गायक आला नाही.

वहिनी गिटारीकडे पाहून म्हणाल्या,

"म्हणजे गायक खरं बोलत होते."

"हो."

"आणि तुम्ही दर रविवारी आमच्याकडे चहाला येत होतात."

वहिनी शांतपणेच पुढे म्हणाल्या, "आता तरी कशाला सांगितलंत, भावोजी? इतकी वर्षं झाकलंत, त्यात आणखी एक कागद."

"इतकी वर्षं नुसता गप्प राहिलो, वहिनी. आज सही करायची आहे."

त्याने लिहिले, की गुंडाळी मूळची नाही, ती मी बदलली. खाली तारीख घातली. गिटार निम्म्या किमतीला गेली. वहिनी आता लेकीच्या घरी बाहेरच्या खोलीत, नातवंडांच्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी निजतात.

त्या आठवड्यात भाऊ मला सोबत घेऊन गायकाकडे गेला. गायकाने दारातच सगळे ऐकून घेतले.

"त्याला हे कळलं होतं?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपयोग?" असे म्हणून त्याने दार हळूच लावून घेतले.

परतताना भाऊ माझ्यापुढे दहा पावले चालत होता. मी त्याला हाक मारली नाही.